सामायिक फोल्डरची जागल

भद्रावतीतलं कर सल्लागाराचं, पतसंस्थेचं किंवा शाळेचं कार्यालय घ्या. एका संगणकावर सामायिक फोल्डर आणि त्यात काम करणारे आणखी सात संगणक, अशी मांडणी सहज सापडेल. आठही ठिकाणी अँटीव्हायरस असतो आणि प्रत्येकाला सोमवारी सकाळी ‘सगळं तपास’ असा हुकूम असतो. हा सावधपणा वाटतो. प्रत्यक्षात तो वेळेचा अपव्यय आहे. फोल्डर १०० जीबीचा असेल, तर १०० एमबीपीएसच्या जाळ्यातून तो एकदा वाचायला सव्वादोन तास लागतात. सात जणांनी वाचायचा तर पंधरा तासांहून जास्त. तोवर साधी पावतीही उघडता उघडत नाही. बरं, सगळीकडे प्रोग्राम एकच, व्हायरसच्या खुणांची यादीही एकच. पहिल्याला जे दिसलं नाही, ते सातव्यालाही दिसणार नाही. रानडुकरांसाठी जागल करताना सारं घर एकाच मचाणावर चढत नाही.

म्हणून फाइली ज्याच्या डिस्कवर, पूर्ण तपासणी त्यानेच करावी, तीही कार्यालय बंद झाल्यावर. बाकीच्यांच्या साप्ताहिक तपासणीतून नेटवर्क ड्राइव्ह वगळावा. सर्व्हर लिनक्सचा आहे, त्याला विंडोजचा व्हायरस बाधत नाही, असं कुणी म्हणेल. दुधाच्या कॅनलाही ताप येत नाही. नासलेलं दूध मात्र त्यातूनच घरोघर पोचतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खंडणीखोर व्हायरस चालतो कारकुनाच्या संगणकावर आणि कुलपं घालतो सामायिक फाइलींना. सर्व्हरला फाइल बदललेली कळते, बदलणारा प्रोग्राम दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक संगणकावरचा चोवीस तासांचा पहारा चालूच हवा. थांबवायची ती फक्त दुबार झाडाझडती. विंडोजचे अपडेटही टाळू नयेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या भगदाडातूनच पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती.

एवढं करूनही पहारा चुकू शकतो. मार्च २०२१ मध्ये अशाच व्हायरसने एमआयडीसीचे सर्व्हर ठप्प केले. तिथे हे होतं, तर आठ संगणकांच्या कार्यालयाने गाफील राहू नये. ज्याला फक्त वाचायचं आहे, त्याला लिहिण्याची परवानगी देऊ नका. आणि रोज संध्याकाळी बॅकअप झाला, की त्या हार्ड डिस्कची केबल काढून ती कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर कुलूप तिलाही लागेल.