टाच सुटी, टाच बंद

बंगळुरात गारा पडतात, बर्फ नाही. तरी दर हिवाळ्यात इथली काही मंडळी रजा साठवून गुलमर्ग गाठतात, आणि त्यातल्या थोड्यांना तिथल्या गंडोलापलीकडचा, म्हणजे केबल कार पोचत नाही तिथला, कुणी न तुडवलेला उतार खुणावतो. तिथे आपल्याच पायांनी चढायचं नि मग उतरायचं. चढताना टाच उचलता यायला हवी, उतरताना ती स्कीला जखडलेली हवी, आणि पडलो तर बूट सुटायला हवा. बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगचा सगळा इतिहास या तीन मागण्यांच्या भांडणाचा आहे.

1930 च्या आसपास आलेल्या कंदाहार बाइंडिंगने पहिल्या दोन भागवल्या. टाचेमागून पोलादी केबल. बाजूच्या आकड्यांत अडकवली की टाच बंद, काढली की सुटी. तिसरी मात्र राहिली, आणि हाडं मोडत राहिली. ओरेगॉनच्या ह्याल्मार ह्वामने स्वतःचा पाय मोडल्यावरच त्या दशकाच्या अखेरीस सुटणारं बाइंडिंग काढलं. आपल्याकडे हा सगळा बराच काळ लष्कराचा प्रांत. गुलमर्गला 1948 मध्ये लष्कराची स्की शाळा निघाली, आणि 1976 मध्ये कर्नल नरेंद्र ‘बुल’ कुमार यांनी 7,120 मीटर उंच त्रिशूलवर स्की मोहीम नेली.

खरी उलथापालथ 1984 ची. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलला चढणीवरचं ओझं नको होतं. त्याने बुटाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना धातूच्या खोबणी बसवल्या आणि स्कीवर त्यांना चिमटीत धरणाऱ्या दोन पिना. बूट त्या पिनांवर बिजागरीसारखा फिरतो. पावलागणिक उचलायचा तो फक्त बूट. पुढे डायनाफिट कंपनीने हे बाजारात आणलं, तरी एवढ्याशा पिनांवर जीव टाकायला लोक बिचकत. त्यांच्यासाठी फ्रेम बाइंडिंग होतं: नेहमीचं दणकट बाइंडिंग एका पट्टीवर, आणि चढताना ती अख्खी पट्टी टाचेबरोबर वर. 2005 मध्ये गुलमर्गचा गंडोला अफरवाट पर्वतावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत गेला, 2007 मध्ये मार्कर कंपनीचं ड्यूक हे फ्रेम बाइंडिंग आलं. चढ थोडा आणि उतार लांब, अशांना ते मानवलं. माझ्या मते मात्र ती तडजोडच होती, आणि तीही वजनदार. 2018 च्या ‘शिफ्ट’ बाइंडिंगने ती बरीचशी निकालात काढली: चढताना पिना, उतरताना साधं अल्पाइन बाइंडिंग.

बंगळूरकराने काय घ्यावं? आधी बूट. पिनांच्या खोबणी असलेले, पायात नीट बसलेले. भाड्याच्या साध्या अल्पाइन बुटांना त्या नसतात, आणि स्कीला भोकं पाडायची ती बुटाच्या तळव्याची लांबी मोजूनच. देशांतर्गत विमानात 15 किलोंत सगळं बसवायचं असल्याने मी हलक्या पिनांकडे झुकतो. दिवसभर गंडोल्यावरच वरखाली करणाऱ्याने शिफ्ट घ्यावं.

पिनांचे नखरेही आहेत. पिना धरणाऱ्या पुढच्या पंखांखाली बर्फ दडपून बसला की चिमटी पुरती मिटत नाही. मिटल्यासारखी दिसते आणि पहिल्याच वळणावर बूट बाहेर. काठीच्या टोकाने ती फट उकरायची, बूट चढवायचा आणि टाच सुटी असतानाच पाय पुढेमागे झुलवून पाहायचा. चढताना पुढची कळ वर ओढून कुलूपबंद करतात. उतरण्याआधी ती खाली केली नाही, तर पडल्यावर बूट सुटेलच असं नाही.