पहिला आज्ञाभंग : फळाआधी सुटलेला विश्वास
(लेखांक ५)

मागील लेखांकात एदेन बागेची रचना आणि तिच्या मध्यभागी असलेली दोन झाडे यांचा विचार झाला. ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात याच बागेत मानवाकडून देवाची पहिली अवज्ञा घडते. तिचा अर्थ लावताना मूळ कथेत काय आहे आणि उत्तरकालीन परंपरांनी तिच्यात काय पाहिले, हे वेगवेगळे ठेवावे लागते. निषिद्ध फळ सफरचंदाचे होते, असे या अध्यायात कोठेही म्हटलेले नाही. सर्पही येथे केवळ धूर्त प्राणी म्हणून येतो आणि त्याला सैतान मानणे नंतरचे आहे.

कथेचे मर्म सर्प आणि स्त्री यांच्या संवादात आहे. देवाने सर्व झाडांची फळे मोकळी ठेवून केवळ बऱ्यावाईटाचे ज्ञान देणारे झाड वर्ज्य केले होते; सर्प मात्र प्रश्न असा करतो की जणू सारी बागच वर्ज्य आहे. स्त्री त्याला दुरुस्त करते, पण फळाला स्पर्शही करायचा नाही, अशी मूळ आज्ञेत नसलेली भर घालते. सर्प फळ खाण्यास सांगत नाही. माणूस आपल्यासारखा ज्ञानी होईल म्हणून देवाने ते राखून ठेवले, एवढेच तो सुचवतो. अवज्ञेचे बीज देवाच्या हेतूविषयीच्या या संशयात आहे. पुढे पुरुष स्त्रीला, आणि तिला देणारा म्हणून देवालाही, दोष देतो, तर स्त्री सर्पाकडे बोट दाखवते. शाप सर्पाला आणि भूमीला मिळतो. माणसांच्या वाट्याला कष्ट आणि मृत्यू येतात, तरीही बागेबाहेर घालवण्यापूर्वी देव त्यांना चामड्याची वस्त्रे करून घालतो.

दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियस याने आदाम व हव्वा यांना अपरिपक्व बालकांसारखे मानले, त्यामुळे त्याच्या मते ही अवज्ञा म्हणजे वाढीच्या वाटेवरील ठेच ठरते. ऑगस्टीनने (३५४–४३०) तिचे मूळ अहंकारात शोधले आणि आदामाचा दोष जन्मतःच सर्व मानवांकडे येतो, असा ‘मूळ पापा’चा सिद्धांत मांडला. आदामाने केवळ वाईट उदाहरण घालून दिले, हे पेलाजियसच्या पंथाचे मत कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये नाकारले, तर १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने मूळ पापाची शिकवण कॅथलिक चर्चसाठी निश्चित केली. यहुदी रब्बींच्या परंपरेत प्रत्येक माणसात सत् आणि असत् अशा दोन प्रवृत्ती मानल्या जातात आणि वारशाने येणाऱ्या दोषाला तेथे सहसा स्थान नाही. कुराणात आदम आणि त्याची पत्नी क्षमा मागतात व आदमचा पश्चात्ताप अल्लाह स्वीकारतो.

ऑगस्टीनचा सिद्धांत सर्वच माणसे पाप का करतात या प्रश्नाचे उत्तर आहे. तिसरा अध्याय मात्र विश्वास कसा ढासळतो आणि जबाबदारी कशी टाळली जाते, हे दाखवतो. म्हणून अध्याय आधी आणि सिद्धांत नंतर, हाच वाचनाचा योग्य क्रम होय. पुढील लेखांकात काइन आणि हाबेल यांच्या कथेचा विचार होईल.