घटक ४ : कूटचलन – सोय आणि खासगीपणा

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
● 'निनावी' आणि 'टोपणनावी' व्यवहार यांतील भेद स्पष्ट करता येईल.
● कूटचलनाच्या सार्वजनिक खातेवहीतून व्यक्तीचा माग कसा लागतो, हे सांगता येईल.
● सोयीच्या बदल्यात कोणती माहिती कोणाच्या हाती जाते, याचे विश्लेषण करता येईल.
● सोय, कायदा आणि खासगीपणा यांचा एकत्रित विचार करून स्वतःचे मत मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

मित्रहो, किराणा दुकानात रोख पैसे देऊन आपण साखर घेतो, तेव्हा दुकानदाराला आपले नाव ठाऊक असण्याची गरज नसते. नोट या हातातून त्या हातात जाते आणि ती आधी कोणाकोणाकडे होती, हे तिच्यावर लिहिलेले नसते. तीच साखर मोबाइलवरून पैसे भरून घेतली, तर त्या व्यवहाराची नोंद बँकेकडे आणि रक्कम पोचवणाऱ्या कंपनीकडे राहते. सुट्ट्या पैशांची कटकट वाचते. तिचे मोल आपण माहितीच्या रूपाने चुकते करतो.

'कूटचलन' किंवा रूढ भाषेत 'क्रिप्टोकरन्सी' यांच्यामुळे ही देवघेव संपेल, असे अनेकांना वाटले होते. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'सातोशी नाकामोतो' या नावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे जाळे सुरू झाले. या नावामागे कोण आहे, हे आजही सिद्ध झालेले नाही. बँकेच्या मध्यस्थीविना, खाते न उघडता, ओळखपत्र न दाखवता दोन व्यक्तींनी परस्परांना पैसे पाठवावेत, अशी ही योजना होती. त्यावरून 'कूटचलन म्हणजे गुप्त पैसा' असा समज पसरला. हा समज अर्धाच खरा आहे. त्यातील खरे किती आणि भ्रामक किती, हे आपण या घटकात पाहणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ निनावी आणि टोपणनावी

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद समजणे अवघड नाही. राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने लिहिले. गोविंदाग्रज म्हणजे कोण, हे ज्या वाचकाला ठाऊक नाही त्यालाही त्या नावाखालच्या सर्व कविता एकाच कवीच्या आहेत, एवढे कळते. ज्या दिवशी नावामागचा माणूस कळतो, त्या दिवशी त्या नावाने पूर्वी प्रसिद्ध झालेली आणि पुढे होणारी प्रत्येक कविता त्याच्या नावे जमा होते. निनावी पत्राचे तसे नसते. एका निनावी पत्राचा लेखक सापडला, म्हणून दुसऱ्या निनावी पत्राचा लेखक सापडतोच असे नाही.

बिटकॉइनचा व्यवहार टोपणनावी आहे. येथे टोपणनावाचे काम 'पत्ता' करतो. पत्ता म्हणजे अक्षरे आणि अंक यांची एक लांब मालिका. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, केव्हा आणि किती रक्कम गेली, याची नोंद एका समाईक खातेवहीत होते. या खातेवहीच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर असतात. ती कोणालाही वाचता येते आणि तिच्यातील जुनी नोंद पुसता येत नाही. बँकेच्या खातेवहीत नाव असते, पण ती बंद कपाटात असते. येथे नाव झाकलेले असते आणि खातेवही चव्हाट्यावर असते.

४.३.२ माग कसा लागतो?

नाकामोतो यांच्या मूळ लेखातच खासगीपणाविषयी एक छोटा भाग आहे. प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली-जोडी, म्हणजेच नवा पत्ता वापरावा, असा सल्ला तेथे दिला आहे. मात्र अनेक पत्त्यांवरील रक्कम एकत्र करून खर्च केली, तर ते सर्व पत्ते एकाच मालकाचे आहेत हे उघड होणे टळत नाही, हेही तेथे मान्य केले आहे. मागाचे हे पहिले साधन होय.

दुसरे साधन उरलेल्या रकमेचे. आपण पाचशेची नोट देऊन तीनशेचे पुस्तक घेतले, तर दोनशे रुपये परत मिळतात. बिटकॉइनमध्येही आधी मिळालेली रक्कम अखंड खर्चावी लागते आणि उरलेली रक्कम स्वतःच्याच एखाद्या पत्त्यावर परत येते. कोणता पत्ता 'परतीचा' आहे, हे ओळखता आले की साखळीची पुढची कडी हाती लागते.

२०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधक सारा मेकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन साधनांचा पद्धतशीर वापर केला. त्यांनी स्वतः अनेक सेवांशी छोटे छोटे व्यवहार केले, त्या सेवांचे काही पत्ते ओळखले आणि त्यांच्या आधारे पत्त्यांचे मोठमोठे गट उलगडून दाखवले.

या पद्धतींचे सामर्थ्य एका प्रसिद्ध प्रकरणात दिसले. २०१६ साली बिटफिनेक्स या विनिमय केंद्रातून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीस गेले. सुमारे साडेपाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, अमेरिकेच्या न्याय विभागाने त्यांपैकी सुमारे ९४ हजार बिटकॉइन जप्त केल्याचे जाहीर केले. चोरीचा माल सापडला, हे समाजाच्या हिताचेच झाले. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी : खातेवही चोर आणि साव असा भेद करत नाही. चोराची पावले जितकी टिकतात, तितकीच सामान्य माणसाचीही टिकतात.

४.३.३ सोयीचे तीन दरवाजे

खातेवहीत नाव नसते, तर ते येते कोठून? बहुतेक वेळा ते आपणच सोयीसाठी देतो. त्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

(अ) विनिमय केंद्र : रुपये देऊन कूटचलन घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विनिमय केंद्राचे ॲप. तेथे पॅन, ओळखपत्र, छायाचित्र आणि बँक खाते द्यावे लागते. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रकमेचा पहिला पत्ता कोणाच्या सांगण्यावरून भरला गेला, हे केंद्राला ठाऊक असते. टोपणनाव आणि खरे नाव यांची गाठ येथे पडते. शिवाय, रक्कम केंद्राकडेच ठेवली तर किल्लीही त्याच्याकडेच राहते. २०१४ साली टोकियोतील माउंट गॉक्स हे केंद्र कोसळले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची चलने चोरीस गेली. दोन्ही वेळी ग्राहकांना आपल्याच पैशांसाठी तिष्ठत राहावे लागले.

तथापि, ही सोय निवडणाऱ्याला आळशी म्हणणे योग्य नाही. स्वतःची किल्ली स्वतः सांभाळायची, तर बारा किंवा चोवीस शब्दांची एक मालिका जपून ठेवावी लागते. ती हरवली, तर रक्कम परत मिळवून देणारे कोणतेही कार्यालय नाही. या भीतीपुढे अनेकांना केंद्र बरे वाटते.

(आ) मोबाइलमधील पाकीट : संपूर्ण खातेवही स्वतःच्या संगणकावर ठेवून व्यवहार तपासले, तर आपले पत्ते कोणालाही विचारावे लागत नाहीत. परंतु बिटकॉइनच्या खातेवहीला आज ५०० जीबीहून अधिक जागा लागते. म्हणून मोबाइलमधील पाकीट दुसऱ्याच्या संगणकाला विचारते, 'या पत्त्यांवर किती शिल्लक आहे?' हा प्रश्नच माहिती फोडतो : हे सर्व पत्ते एकाचे आहेत आणि तो अमुक आयपी पत्त्यावरून विचारतो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटामास्क या लोकप्रिय पाकिटाच्या निर्मात्या कंपनीने आपल्या धोरणात नमूद केले की, पाकिटात आधीपासून नेमून दिलेल्या 'इन्फ्युरा' या सेवेमार्फत व्यवहार पाठवताना आयपी पत्ता आणि पाकिटाचा पत्ता गोळा केला जातो. यावर बरीच टीका झाली. दुसरी सेवा निवडण्याची मुभा वापरकर्त्याला होती. पण नेमून दिलेली निवड बदलण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

(इ) एकच पत्ता : समजा, एक अनुवादक परदेशी ग्राहकांकडून कूटचलनात मानधन घेते आणि सोयीसाठी सर्वांना एकच पत्ता देते. आता तिचा प्रत्येक ग्राहक इतरांकडून तिला किती मानधन मिळाले, हे पाहू शकतो. पुढच्या वेळी दर ठरवताना तो ही माहिती वापरील. तिने याच पत्त्यावरून रुग्णालयाला किंवा एखाद्या संघटनेला पैसे दिले, तर तेही दिसेल. घरातील ज्या व्यक्तीपासून ती आपली बचत राखू पाहते, त्या व्यक्तीला पत्ता कळला की शिल्लकही कळेल. तिने कोणताही गुन्हा केलेला नाही. तरीही तिच्या अर्थव्यवहाराला दार उरलेले नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१) बिटकॉइनच्या खातेवहीतील जुनी नोंद मालकाच्या विनंतीवरून पुसता येते.
२) अनेक पत्त्यांवरील रक्कम एकत्र खर्च केल्यास त्या पत्त्यांचा परस्परसंबंध उघड होतो.
(ब) एका वाक्यात उत्तर लिहा.
३) टोपणनाव आणि खरे नाव यांची गाठ प्रामुख्याने कोठे पडते?

४.३.४ खासगीपणा ही सामूहिक गोष्ट आहे

'ज्याला हवा त्याने खासगीपणा निवडावा' ही भूमिका वरवर न्याय्य वाटते. तिची कसोटी झीकॅश या चलनाच्या उदाहरणाने पाहता येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या या चलनात दोन प्रकारचे पत्ते आहेत. एक बिटकॉइनसारखा उघडा आणि दुसरा झाकलेला. झाकलेल्या व्यवहारात देणारा, घेणारा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी गणिताच्या साहाय्याने लपवता येतात. परंतु आरंभीच्या काळात असा व्यवहार तयार करण्यास संगणकाची बरीच स्मृती आणि वेळ लागे. साध्या मोबाइलवर तो जवळजवळ अशक्यच होता. अनेक विनिमय केंद्रे आणि पाकिटेही फक्त उघडे पत्ते स्वीकारत. परिणामी, बहुसंख्य लोकांनी सोपा मार्ग पत्करला. २०१८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी दाखवले की, बहुतेक व्यवहार उघडेच होत आणि झाकलेल्या व्यवहारांपैकीही अनेकांचा संबंध वापराच्या ठरावीक पद्धतींमुळे जोडता येई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या सुधारणेने झाकलेला व्यवहार पुष्कळ हलका झाला. मात्र तोवर लोकांच्या सवयी पडून गेल्या होत्या.

यातून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकऱ्यांत एखादा माणूस शोधणे कठीण असते. रिकाम्या रस्त्यावरून तोंड झाकून एकटाच जाणारा माणूस मात्र चटकन नजरेत भरतो. खासगीपणा गर्दीत टिकतो. म्हणून एकाने सोयीसाठी उघडा मार्ग निवडला, तर झाकलेल्या मार्गावरची गर्दी तेवढी कमी होते आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

२०१४ साली सुरू झालेल्या मोनेरो या चलनाने उलट मार्ग घेतला. तेथे खासगीपणा मुळातच व्यवहारात गुंफलेला आहे. त्याचीही किंमत आहे. असे व्यवहार तपासणे कठीण असल्याने अनेक केंद्रांनी हे चलन आपल्या यादीतून काढले. बायनान्सने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले. खासगीपणा पूर्ण राखला, तर सोय घटते, असा हा अनुभव आहे.

४.३.५ कायदा आणि नागरिक

राज्यसंस्थेची बाजूही समजून घेतली पाहिजे. खंडणी, फसवणूक आणि करचुकवेगिरी यांसाठी कूटचलनाचा वापर होतो, हे वास्तव आहे. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का करकपातीची तरतूद लागू झाली. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने विनिमय केंद्रांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. त्यामुळे ग्राहकाची ओळख पटवणे आणि नोंदी जतन करणे त्यांना बंधनकारक झाले. खासगीपणा जपणे म्हणजे उत्पन्न दडवणे नव्हे; कर भरणाऱ्या नागरिकालाही आपली शिल्लक शेजाऱ्याला न दिसण्याचा अधिकार आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हा अधिकार अमर्याद नाही; पण त्यावरील बंधनाला कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणबद्धता असावी लागते.

खरा पेच पुढे येतो. कायद्यासाठी दिलेली माहिती खासगी कंपनीच्या साठ्यात राहते आणि साठे फुटतात. २०२० साली लेजर या पाकीट-उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या लाखो ग्राहकांची माहिती फुटली. त्यांत अनेकांचे घरचे पत्ते होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील कॉइनबेसने जाहीर केले की, लाच घेतलेल्या साहाय्यक कर्मचाऱ्यांकरवी ग्राहकांची नावे, पत्ते आणि ओळखपत्रांच्या प्रतिमा चोरल्या गेल्या. बँकेतून केवळ नाव-पत्ता फुटला, तर खात्यातील व्यवहार तरी बंद राहतात. येथे फुटलेल्या माहितीत नावासोबत कूटचलनाचा पत्ताही असेल, तर उरलेले सर्व खातेवही सांगते : किती आहे, केव्हापासून आहे आणि कोठे गेले. ज्या पैशाचा व्यवहार उलटवता येत नाही, त्याच्या मालकाचे घर गुन्हेगाराला ठाऊक होणे, हा थेट जीविताशी निगडित धोका आहे.

४.३.६ निर्णय कसा घ्यावा?

सोय नाकारणे हा या विवेचनाचा हेतू नाही. कोणतीही सोय स्वीकारताना चार प्रश्न विचारावेत : कोणती माहिती जाते? कोणाकडे जाते? किती काळ राहते? ती परत घेता येते का? सार्वजनिक खातेवहीच्या बाबतीत चौथ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'नाही' असेच असते. म्हणून तेथे सावधगिरी आधीच बाळगावी लागते. प्रत्येक देणेकऱ्याला नवा पत्ता देणे, आपला पत्ता समाजमाध्यमांवर न टाकणे, कमाईचा आणि बचतीचा साठा वेगळा ठेवून तो एकत्र न खर्चणे आणि पाकिटात नेमून दिलेल्या निवडी एकदा तपासणे, एवढ्याने धोका संपत नाही, पण पुष्कळ घटतो. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, थोडी गैरसोय सोसावी लागते.

४.४ सारांश

कूटचलनाचे व्यवहार सामान्यतः टोपणनावी असतात. सार्वजनिक आणि कायमस्वरूपी खातेवहीमुळे एकदा नाव जुळले की मागचा-पुढचा सारा व्यवहार उघड होऊ शकतो. ही जुळणी बहुधा विनिमय केंद्र, मोबाइलमधील पाकीट आणि एकाच पत्त्याचा वापर या सोयींमुळे होते. झीकॅश आणि मोनेरो यांच्या अनुभवावरून दिसते की, खासगीपणा ऐच्छिक ठेवला तर बहुसंख्य लोक सोय निवडतात आणि तो अनिवार्य केला तर सोय आकसते. कायदेशीर देखरेख आवश्यक आहे. मात्र तिच्यासाठी जमवलेली माहिती सुरक्षित राखणे हा नागरिकाच्या अधिकाराचा भाग आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

कूटचलन : गणिती संकेतांच्या आधारे चालणारे आभासी चलन.
पत्ता : रक्कम स्वीकारण्यासाठी वापरली जाणारी अक्षर-अंकांची मालिका.
किल्ली : रक्कम खर्च करण्याचा अधिकार देणारा गुप्त संकेत.
पाकीट : किल्ल्या सांभाळणारी आज्ञावली किंवा उपकरण.
विनिमय केंद्र : कूटचलनाची खरेदी-विक्री जेथे होते ती सेवा.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) चूक. २) बरोबर. ३) ओळखपत्र घेऊन व्यवहार करू देणाऱ्या विनिमय केंद्रात.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) 'बँकेची खातेवही बंद कपाटात असते, कूटचलनाची चव्हाट्यावर' या विधानाचे विवरण करा.
२) खासगीपणा ही सामूहिक गोष्ट का ठरते, ते झीकॅशच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३) आपण रोज वापरत असलेल्या कोणत्याही एका ॲपला या घटकातील चार प्रश्न लावून पाहा आणि आपले निष्कर्ष सुमारे २०० शब्दांत लिहा.