संकेतस्थळांची वर्दी

गांवाची, संस्थेची अगर अभ्यासमंडळाची जीं संकेतस्थळें अनेकांच्या सहकार्यानें चालतात, त्यांवर नवा मजकूर केव्हां येईल याचा नेम नसतो. कित्येक दिवस सामसूम असते. मग एकाच सायंकाळीं दहा नोंदी होतात. तेथें रोज फेरी घालून रिकाम्या हातीं परतणें कंटाळवाणें होतें. या खेपा वाचविणारी जी सोय आहे तिला ‘फीड’ म्हणतात.

ग्रंथालयाच्या दाराशीं नव्या पुस्तकांच्या नांवांचा फळा असतो. फीड हा संकेतस्थळाचा तसाच फळा होय. ठराविक पत्त्यावर ठेवलेल्या या लहानशा फाईलींत प्रत्येक नव्या नोंदीचा मथळा, तारीख, दुवा आणि बहुधा थोडा सारांश असतो. ‘फीड-रीडर’ नांवाचा प्रोग्रॅम हरकाऱ्याप्रमाणें ठराविक वेळानें सारे फळे पाहून येतो, व पूर्वीं न पाहिलेलें तेवढेंच आपल्यापुढें मांडतो. रीडरांत संकेतस्थळाचा पत्ता घातला कीं बहुतेक रीडर त्याचें फीड, असल्यास, आपण होऊन शोधतात.

या पद्धतीचा आरंभ १९९९ सालीं अमेरिकेंत नेटस्केप कंपनींत झाला. रामनाथन गुहा व डॅन लिबी यांनीं सिद्ध केलेली ही पद्धति ‘आरएसएस’ या नांवानें रूढ झाली. ‘ॲटम’ हें तिचें भावंड २००५ सालीं प्रमाण ठरलें. मराठी विकिपीडियांतील लेखांच्या इतिहासाचें ॲटम फीड मिळतें. आपल्या गांवाविषयींच्या लेखाचें फीड ज्यानें घेतलें, त्यास तेथील प्रत्येक फेरफार कळतो, आणि चुकीचा मजकूर शिरल्यास तो वेळींच दुरुस्त करितां येतो.

समाजमाध्यमांवर आपणांस आधीं काय दिसावें हें बहुधा कंपनीचें गणित ठरवितें. फीडांत ही निवड वाचकाच्या हातीं राहते, आणि मूळ संकेतस्थळास आपलें नांव कळविण्याचीही सहसा गरज नसते.

मात्र हरकाऱ्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. ‘गूगल रीडर’ हा लोकप्रिय रीडर १ जुलै २०१३ रोजीं बंद झाला. ज्यांनीं आपल्या फीडांची यादी ओपीएमएल फाईलींत उतरवून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या रीडरांत नेतां आली. कारण हरकारा गेला तरी फळे जागच्या जागींच होते. म्हणून रीडर कोणताही घ्यावा, परंतु त्या यादीची एक प्रत आपल्या संग्रहीं अवश्य असूं द्यावी.