चाळीस दिवसांची ठेव
हिमालयातला हिवाळा : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण पश्चिमी झंझावातांचा माग काढला. भूमध्य समुद्राकडून निघालेले हे झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात आणि तिथे बर्फ होऊन उतरतात. त्यांचा प्रभाव कधी दक्षिणेकडे खूप खाली आला, की फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या विदर्भ-मराठवाड्यात उभ्या गव्हा-हरभऱ्यावर गारा पडतात. आज त्याच झंझावातांचा दुसरा हिशेब मांडू : भारतात स्कीइंगला नेमके कधी जावे?

आपल्याकडची बरीच कुटुंबे नाताळच्या सुट्टीत काश्मीर गाठतात. सुट्टीच्या दृष्टीने ते सोयीचे असले, तरी बर्फाच्या दृष्टीने लवकरच. याचे कारण काश्मिरी लोकांच्या जुन्या कालगणनेत सापडते. त्यांनी कडक हिवाळ्याचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे मोठी थंडी. पुढचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, धाकटी थंडी. शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. घरोघरी फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसायचे ते हे दिवस.

या विभागणीत अनुभवाचे शहाणपण आहे. चिल्लई कलानमध्ये दिवस लहान, ऊन तिरपे आणि थंडी अशी, की पडलेला बर्फ वितळत नाही. थरावर थर बसून दबत जातो. उतारावरचे दगड आणि झुडपे त्याखाली गाडली जातात. ही झाली ठेव. फेब्रुवारीत पडणारा नवा बर्फ या ठेवीवर पडतो, म्हणून टिकतो. ठेवच नसेल, तर तोच बर्फ उघड्या गवतावर पडून चार उन्हांत नाहीसा होतो. स्की करणाऱ्याला दोन्ही लागतात : खाली घट्ट बसलेला थर आणि वर ताजा, भुसभुशीत बर्फ. गुलमर्गला हा मेळ साधारण जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तम जमतो.

गुलमर्गचे भाग्य त्याच्या उंचीत आहे. गाव सुमारे २,६५० मीटरवर. तिथल्या गोंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीला पोहोचवतो आणि दुसरा थेट अफरवत डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. त्यामुळे खाली बर्फ ओलसर झाला, तरी वर तो पिठासारखा कोरडा राहतो. मार्चमध्ये मात्र घड्याळ पाहूनच उतरावे लागते. दिवसा ऊन पृष्ठभाग वितळवते आणि रात्री तो पुन्हा गोठतो. त्यामुळे सकाळी काचेसारखा कडक, दहा-अकराच्या सुमारास हवा तसा मऊ आणि दुपारनंतर गचगचीत, अशी एकाच उताराची दिवसातून तीन रूपे होतात.

पूर्वेकडे जावे तसा झंझावातांचा जोर ओसरतो. म्हणून उत्तराखंडातल्या औलीला, २,५०० ते ३,०५० मीटरवर, मोसम आखूड असतो : जानेवारीच्या मध्यापासून फार तर मार्चच्या सुरुवातीपर्यंत. तिथले उतार मोकळे, समोर नंदादेवी; नवशिक्यांसाठी जागा फार चांगली. पण बर्फाचा भरवसा कमी, म्हणूनच तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रे बसवावी लागली. हिमाचलात मनालीजवळच्या सोलंगला जानेवारी-फेब्रुवारीत बर्फवृष्टीनंतरचे दिवस साधावे लागतात.

ताज्या बर्फाचा मोह धोक्याचाही असतो. डिसेंबरात थोडाच बर्फ पडला आणि पुढे बरेच दिवस आकाश निरभ्र राहिले, तर जमिनीलगतचा थर तुलनेने उबदार आणि वरचा फार थंड होतो. खालची वाफ वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. त्यावर नंतर दोन-तीन फूट बर्फ साचला, की एका माणसाच्या वजनानेही अख्खा उतार सुटू शकतो. हिमस्खलन कोणाचा अनुभव पाहत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला त्याने लष्कराचे १७ जवान गाठले, आणि ते बर्फात वावरण्याचे प्रशिक्षणच घेत होते. म्हणून मोठ्या बर्फवृष्टीनंतर उतार तपासून खुला होईपर्यंत थांबा आणि आखलेली हद्द सोडू नका. ही विनंती मी कळकळीने करतो.

अलीकडे या वेळापत्रकालाच धक्के बसत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानात, गुलमर्गची कुरणे तपकिरी आणि कोरडी होती. तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीच्या आरंभावरून २१ तारखेवर ढकलाव्या लागल्या. २०२५ मध्येही २२ फेब्रुवारीला ठरलेल्या स्पर्धा अखेर ९ मार्चला सुरू झाल्या. बर्फ उशिरा आला आणि खेळ पार पडला.

पण सगळ्यांनाच असे थांबता येत नाही. ठेवीतला बर्फ एप्रिलपासून हळूहळू वितळतो. त्यावर झरे वाहतात, झेलमला पाणी येते, भाताची शेते आणि सफरचंदाच्या बागा भिजतात. उशिरा पडलेला बर्फ लवकर वाहून जातो आणि उन्हाळ्याच्या वाट्याला कमी उरतो. सफरचंदाचा बहर पुढच्या तारखेवर ढकलता येत नाही.

म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी गुलमर्गच्या एखाद्या घोडेवाल्याला किंवा हॉटेलवाल्याला फोन करा, पण ‘आत्ता बर्फ आहे का?’ एवढेच विचारू नका. ‘चिल्लई कलानात किती पडला?’ असे विचारा. तिथला बागाईतदारही हिवाळाभर हाच प्रश्न विचारत असतो.

(पुढील लेखांकात : बर्फ मुळातच कमी पडणाऱ्या लडाखमध्ये लोक हिवाळ्याचे पाणी गोठवून कसे साठवतात?)