ज्ञानगंगा : दोन खोऱ्यांच्या माथ्यावरचे अरण्य

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुडा उभा आहे, मध्यातून अजिंठ्याची रांग पूर्व-पश्चिम गेली आहे आणि या दोहोंच्या मधोमध पूर्णा नदीचे काळ्या मातीचे मैदान पसरले आहे. त्यामुळे जिल्ह्यातील लोक आपल्या प्रदेशाचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग करतात. सातपुड्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते, तर घाटमाथ्यावर आणि त्याच्या उतारांवर सुमारे २०५ चौरस किलोमीटर क्षेत्राचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, जे १९९७ मध्ये घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अमरावती जिल्ह्यातील गुगामलसारख्या राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई असते, तर अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क कायम राहू शकतात. म्हणून अभयारण्याचे रक्षण भोवतालच्या गावांच्या सहकार्याशिवाय होत नाही.

अजिंठ्याच्या रांगेचे हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, म्हणजेच बेसाल्टचे आहेत. ही रांग जलविभाजकही आहे, म्हणजे तिच्या दोन बाजूंना पडणारे पाणी दोन वेगळ्या खोऱ्यांत वाहून जाते. ज्ञानगंगा, नळगंगा आणि विश्वगंगा या नद्या उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी तापीमार्गे अरबी समुद्रात जाते. बुलढाणा शहराजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे वळून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्याद्वारे बंगालच्या उपसागराला मिळते. घाटाखालच्या पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे, म्हणजे तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक आहे, म्हणून डोंगरातून उतरणाऱ्या गोड्या पाण्याचे मोल तेथे विशेष जाणवते.

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे, म्हणजे कोरड्या ऋतूत पाणी वाचवण्यासाठी येथील बहुतेक झाडे पाने गाळतात. साग, धावडा, सालई, खैर, पळस आणि मोह ही येथील परिचित झाडे असून पावसाळ्यात गर्द हिरवे दिसणारे हेच रान उन्हाळ्यात उघडे पडते आणि तेव्हा पाणवठे हाच वन्यजीवांचा आधार उरतो. बिबट्या, अस्वल, तडस, नीलगाय, चिंकारा आणि भेकर हे येथील प्रमुख प्राणी आहेत.

वाघाचा येथे नियमित वावर नव्हता, परंतु डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर वाघ येथे पोहोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरच्या, म्हणजे त्याचा ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्याच्या नोंदींवरून तो महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, नाले आणि रस्ते ओलांडत आला, तसेच नऊ महिन्यांत एकूण ३,००० किलोमीटरहून अधिक चालला, हे स्पष्ट झाले. पैनगंगा यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आखते, हे लक्षात घेतले तर त्या नदीच्या खालच्या खोऱ्यातील वाघ तिच्या उगमाच्या डोंगरापर्यंत आला, असे म्हणता येते. तरुण नर आपले क्षेत्र शोधण्यासाठी जन्मस्थळ सोडतो, मात्र ज्ञानगंगेत वाघीण नसल्याने त्याचे कुटुंब येथे उभे राहू शकले नाही.

या प्रवासाचा बोध स्पष्ट आहे. वन्यजीवांच्या ये-जा करण्याच्या वाटांना भ्रमणमार्ग म्हणतात, आणि नाल्याकाठची झुडपे, पडीक माळ आणि डोंगरउतारांवरील झाडोरा टिकला तरच या वाटा टिकतात. दोनशे चौरस किलोमीटरचे अरण्य एकटे पडले तर ते हळूहळू क्षीण होत जाते. इतर अरण्यांशी जोडलेले राहिले तर ते वाघालाही वाट देते आणि दोन खोऱ्यांतील गावांना पाणीही. ज्ञानगंगेचे रक्षण तिच्या सीमेच्या आत जेवढे करायचे, तेवढेच ते सीमेबाहेरच्या शेतांच्या बांधांवर आणि नाल्यांच्या काठांवरही करावे लागेल.