कळते सारे, वाचता येत नाही

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील सीफर्ड या गावी प्रिंगल मॉर्गन नावाचे एक डॉक्टर होते. नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, चुणचुणीत, खेळात बरोबरीच्या मुलांना हार न जाणारा. शिक्षकांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली, तरी त्याला वाचता येईना. स्वतःचे नाव लिहिताना त्याने अक्षरांची अदलाबदल केली, आणि दाखवून देईपर्यंत ती त्याच्या ध्यानातही आली नाही. मात्र ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि बिनचूक करून दाखवला. त्याच्या शिक्षकांचे मत असे की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

पर्सीच्या या अडचणीला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो. हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचा नाही आणि आळस तर नाहीच नाही. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडायचा आणि त्या ध्वनींची कागदावरच्या खुणांशी सांगड घालायची, हे काम वाचायला शिकताना मेंदूला करावे लागते. या मुलांना नेमके तेच जड जाते. पुष्कळदा ही अडचण घराण्यात चालत आलेली असते. धडा कोणी वाचून दाखवला तर असे मूल त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे धडाधड देते. तोच धडा त्याच्या हाती दिला की दुसऱ्या ओळीवरच अडखळते.

आपल्याकडे एक समजूत अशी की, हे दुखणे इंग्रजी माध्यमाचे. मराठी कशी, बोलावी तशी लिहावी! पण पहिली-दुसरीतल्या मुलाच्या जागी बसून पाहावे. ‘किती’ म्हणताना आधी क ऐकू येतो आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी क च्या अलीकडे उभी राहते. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, कागदावर तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. एकट्या र चीच रूपे मोजा: ‘रस’मधला, ‘कर्म’मधला, ‘प्रकाश’मधला, ‘राष्ट्र’मधला आणि ‘वऱ्हाड’मधला. शिवाय घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या फसव्या जोड्या आहेतच. बहुतेक मुले हे सारे सहज पचवतात. काहींना ते पचत नाही. तेव्हा मराठी शाळेतल्या मुलाच्या वहीवर ‘दुर्लक्ष करतो’ असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटते.

बँकेत असताना एका तालुक्याच्या गावी एक भुसार व्यापारी आमचे खातेदार होते. सातवीपर्यंत शाळेत गेलेले. तीन महिन्यांचे व्याज ते आमच्या आकडेमोडीआधी तोंडी सांगत. पण पैसे भरण्याची स्लिप पुढे केली की, ‘चष्मा घरी राहिला’ म्हणत आणि ती शिपायाकडून भरून घेत. ते चष्मा वापरतच नाहीत, हे साऱ्या शाखेला ठाऊक होते. त्यांना डिस्लेक्सिया होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. चारचौघांत वाचायची पाळी येऊ नये म्हणून माणसाला जन्मभर किती हिकमती कराव्या लागतात, हे मात्र मी त्या काउंटरवर पाहिले. चेकवरची आकडी आणि अक्षरी रक्कम जुळत नसेल तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी धरतात. शाळेचा न्यायही असाच आहे. मुलाला काय येते ते बाजूला राहते आणि अक्षरांत काय उतरले तेवढेच खरे ठरते.

व्यवस्थेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने १९९६ मध्ये, देशात सर्वांआधी, अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी अशा त्या सवलती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने या अडचणीला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही तपासणीची साधने तयार केली, तीही हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीत. हे सारे मोलाचेच आहे. परंतु दहावीला लेखनिक मिळाला म्हणून मूल वाचू लागत नाही. आठ-नऊ वर्षे वर्गात मान खाली घालून बसल्यावर मिळालेली ती थोडीशी भरपाई असते.

खरी मदत दुसरी-तिसरीत हवी, आणि तिला फार खर्च येत नाही. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकातच दाखवून दिले की, डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लावले तर या मुलांना वाचायला शिकवता येते. ‘कमळ’ म्हणत तीन टाळ्या वाजवाव्यात. ताटातल्या रव्यात अक्षर गिरवताना त्याचा उच्चार करावा. एका वेळी थोडीच अक्षरे घ्यावीत आणि ती पक्की झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. फळ्यावरचे उतरवून घेण्याची सक्ती नको. सर्वांसमोर अचानक उभे करून वाचायला लावणे तर नकोच. आणि इतिहास-भूगोलाचे उत्तर तोंडी बरोबर आले तर त्याचे गुण मोकळ्या मनाने द्यावेत. तज्ज्ञाचा दाखला मिळेपर्यंत यातले काहीही अडून राहत नाही.

‘तारे जमीं पर’ या २००७ च्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला, हे त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण त्यातला मुलगा चित्रकार निघतो, आणि तेव्हापासून पालक आपल्या मुलात कोणती अलौकिक कला दडली आहे ते शोधू लागतात. पुष्कळ मुलांत तशी काही दडलेली नसते. ती चार मुलांसारखी साधी मुले असतात. एसटीवरची पाटी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, जमिनीचा सातबारा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावा, एवढेच त्यांचे मागणे असते. तेवढ्यासाठी कोणी कलावंत असण्याची अट घालू नये.